मनकर्णाबाईचा अंगठा

पाचोडच्या कारभारी ड्रायव्हरची गाडी रस्त्यात बंद पडली, असं सांगणारा माणूस पंचक्रोशीत शोधून सापडला नसता. एस.टी. बंद पडायची, ट्रॅक्टर रुसायचे, मोसंबीनं भरलेले ट्रक भर उन्हात वाफा सोडत उभे राहायचे. कारभारीची जुनी अँबेसेडर मात्र नवरीला वेळेवर मांडवात, पोरांना वेळेवर परीक्षेला आणि अडलेल्या बाईला वेळेवर औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, घाटीच्या दवाखान्यात पोचवायची. लोक गाडीचं कौतुक करायचे, कारभारीला फेटा बांधायचे. मनकर्णाबाईला कोणी साधं ‘बरं झालं बाई’ म्हटलं नाही. माणसं तशीच, पुढं दिसेल त्याच्या गळ्यात हार घालून मोकळी होतात. खरं तर ती गाडी चालायची ती कारभारीच्या बायकोच्या अंगठ्यावर.

निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा कारभारी शेरडं राखणारा पोरगा होता. लष्कराच्या गाड्या धुरळा उडवत गावावरून गेल्या आणि हा शेरडं सोडून त्यांच्या मागं पळत सुटला. शेरडं कोणाच्या तरी तुरीत शिरली, घरी बापानं चांगला झोडपला, पण डोक्यातलं इंजिनाचं वेड काही गेलं नाही. ट्रकवर क्लीनर झाला, मग ड्रायव्हर झाला आणि लग्नानंतर काही वर्षांनी शहरातल्या एका वकिलानं वापरून काढलेली अँबेसेडर घेऊन गावात आला. मनकर्णाबाईनं गाडीला हळदीकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. त्यापुढं आपला ह्या वस्तूशी काही संबंध येईल, असं तिच्या स्वप्नातही नव्हतं.

संबंध आला तो पट्ट्यामुळं. मोटारीच्या इंजिनापुढं एक रबरी पट्टा फिरतो. त्याच्यावरच पंखा चालतो, पाणी फिरवणारा पंप चालतो आणि बॅटरी भरणारा डायनामोही चालतो. पट्टा ढिला पडला की घसरतो, किंचाळतो. तुटला तर इंजिन तापून जागेवर बसतं. वकिलाची गाडी आली तीच किंचाळत. मग स्टँडवरच्या जाणत्यांनी सल्ला दिला, ‘साबण लाव.’ हा आपल्याकडच्या ड्रायव्हर लोकांचा जुना उपाय: इंजिन चालू ठेवायचं आणि कोरडी साबणाची वडी फिरत्या पट्ट्याला धरायची. आवाज बंद होतो. पट्टा ढिला तो ढिलाच राहतो, पण कानाला बरं वाटतं ना! कारभारीनं वडी धरली, वडी निसटली, आणि तिच्यामागं हात गेला. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं पंख्यानं नेली.

गिअर डाव्या हाताचा, म्हणून ड्रायव्हरकी वाचली. उजव्या पंजानं तो स्टिअरिंग दाबून धरी. पण बॉनेट उघडलं की त्याला दरदरून घाम फुटायचा. इंजिन बंद असो, थंड असो, हात आत जाईना. स्टँडवरचा रामकिसन मिस्त्री एकदा पट्टा आवळून गेला, म्हणाला, “रोज सकाळी एकदा दाबून बगत जा, मंग काय नाय व्हत.” रोज सकाळी दाबायला मिस्त्री थोडाच येणार?

मनकर्णाबाई चूल सारवत होती. ती उठली, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “कसा दाबायचा ते दावा. मी दाबते.”

“तू?” रामकिसन हसला.

“कामून? मला अंगठा नाय?”

रामकिसननं दाखवलं. दोन पुल्यांच्या, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या चाकांच्या, मधोमध पट्ट्यावर अंगठा ठेवायचा आणि दाबायचा. बोटाच्या पेराएवढा आत गेला की बरोबर. त्याहून कमी गेला तर आवळलेला, मग डायनामोचं बेअरिंग जातं. जास्त गेला तर ढिला. आतली बाजू बोटानं चाचपून बघायची: चिरा पडल्यात का, कडेचे दोरे सुटलेत का, रबराला काचेसारखी चमक आलीय का. तसं असलं तर बदलायचा. मनकर्णाबाईनं एकदा दाबून बघितला, दोनदा बघितला आणि तिसऱ्यांदा म्हणाली, “चालतंय.”

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. सकाळी भाकरी झाल्या की कारभारी बॉनेट उघडी आणि हाक मारी, “आशाचे माय, बग गं.” आशा ही त्यांची एकुलती पोर. मनकर्णाबाई यायची, वाकायची, दाबायची. बरा असला तर “चालतंय.” नसला तर “आवळा.” मग कारभारी टॉमी, म्हणजे लोखंडी सळी, बगलेत धरून डायनामो बाहेर रेटी आणि ती पान्यानं बोल्ट कसे. पट्टा बदलायचा असला तर बोल्ट सैल करून डायनामो आत ढकलायचा, जुना पट्टा पंख्याच्या एकेका पात्यावरून काढून घ्यायचा आणि नवा तसाच आत चढवायचा, हे सगळं तीच करी. काढलेला पट्टा अजून बरा असला तर ती तो जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधून डिकीत ठेवी, अडीनडीला असावा म्हणून. आडावरच्या बायका चिडवायच्या, “अगं, तुज्या कपाळाला कुंकू हाय का ग्रीस?” ती म्हणायची, “दोन्ही हाय. तुमच्या नवऱ्यानं एक तरी लावलं का?”

आता एक गोष्ट गावाला ठाऊक नव्हती, आणि मनकर्णाबाईलाही नव्हती.

एकदा बाजाराच्या दिवशी कारभारी एकटाच परत येत होता आणि पट्टा किंचाळू लागला. झाडाखाली गाडी घेतली, बॉनेट उघडलं, आणि काय झालं देव जाणे, घाम फुटलाच नाही. डावा हात सरळ आत गेला. अंगठ्यानं दाबून बघितलं, टॉमी गुडघ्यानं रेटली, डाव्या हातानं बोल्ट आवळले. सगळं जमलं. डावा हात पहिल्यापासून धडधाकटच होता. हरवली होती ती छाती, ती त्या झाडाखाली परत सापडली. घरी जाऊन सांगू, बायको खूश होईल, तिचा रोजचा ताप वाचेल, असं म्हणत तो घरी आला.

सकाळी त्यानं सांगायला म्हणून बॉनेट उघडलं. मनकर्णाबाई पदर खोचत आली. उचललेल्या बॉनेटमागं दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि ती हळूच म्हणाली, “काल तुमी जेवताना काय बोलला न्हाईत. अंगात कणकण हाय का?”

तिथंच कारभारीचं सांगायचं राहिलं.

त्याचं असं होतं की, त्या घरात नवरा-बायकोनं बोलायला जागा नव्हती. ओट्यावर कारभारीची आई लक्ष्मीबाई दिवसभर ठाण मांडून असायची. दोन दीर, जावा, पोरं, गुरं. नवऱ्यानं बायकोशी चार माणसांत हसून बोललं तर म्हातारीचा जप थांबायचा. दिवसभर हा रस्त्यावर, ती रानात. पण बॉनेट उचललं की मोठा आडपडदा व्हायचा. म्हातारीला दिसायचे फक्त दोघांचे पाय. गाडीचं काम म्हणजे पोटाचं काम, त्याला कोण नाव ठेवणार? त्या पत्र्याच्या आडोशाला मनकर्णाबाईनं आशाला पहिला दात आल्याचं सांगितलं, माहेरचं दुखणं सांगितलं, एकदा तर नुसतंच रडून घेतलं. इंजिन थंड असायचं, पेट्रोलचा वास यायचा, आणि कारभारीला तेवढा वेळ जगात दुसरं काही नको असायचं. पट्टा मला दाबता येतो, असं सांगून त्यानं ते सगळं का घालवावं?

म्हणून त्यानं सांगितलं नाही. पुढं म्हातारी गेली, भाऊ वेगळे निघाले, आशा फुलंब्रीला दिली. घरात दोघंच उरले. आता दिवसभर बोला म्हटलं तरी आडवायला कोणी नव्हतं. तरी रोज सकाळी बॉनेट वर जायचं आणि “आशाचे माय, बग गं” व्हायचंच.

एका वर्षी दिवाळीनंतर मनकर्णाबाईचं “चालतंय” जरा लवकर येऊ लागलं. ती यायची, पण डावा हात पोटाशी धरून. उजवा हात नुसता रेडिएटरच्या कडेवर ठेवायची आणि म्हणायची, “चालतंय.” कारभारीला वाटलं, इतक्या वर्षांचा हात, नजरेनंच कळत असेल. मग पौषात गाडी सकाळी चालू झाली की बारीक चीं चीं ऐकू यायला लागली. कारभारीचा कान तिखट, त्यानं लगेच विचारलं, “पट्टा वरडतोय का गं?”

“दव पडतंय. वल्या पट्ट्याचा आवाज हाय. गरम झाला की बसंल.”

आणि खरंच, गाव सोडलं की आवाज बसायचा. ओल्या पट्ट्याला आवाज येतो हे कुठलाही ड्रायव्हर सांगेल. त्यानं मान्य केलं. तिच्या पोटाचं विचारलं तर ती म्हणायची, “वात धरलाय, ववा खाल्ला की बसतो.” तेही त्यानं मान्य केलं. गाडीतला बारीकसारीक आवाज ऐकणाऱ्या माणसाला बायकोचं कण्हणं ऐकू आलं नाही, असं गावात पुढं बोललं गेलं. बोलणाऱ्यांनी आपापल्या घरात कान देऊन बघावं, मग बोलावं.

मनकर्णाबाई पडली ती चुलीपुढं. भाकरी थापता थापता परातीवरच कलंडली. अंग तापलेलं, पोट दगडासारखं कडक. कारभारीनं तिला उचलून मागच्या सीटवर निजवलं. शेजारची द्वारकाबाई धावत आली, तिनं मनकर्णाबाईचं डोकं मांडीवर घेतलं. कारभारी पुढं गेला आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं बॉनेट उचलून उभा राहिला.

हाक तोंडावर आली होती. ती त्यानं गिळली. तेवढ्यात मागच्या सीटवरून, दात आवळून बोललेला आवाज आला:

“चालतंय... चला.”

कारभारीनं बॉनेट खाली घेतलं. हात आत घातला नाही. घातला असता तर ही गोष्ट दुसरीच झाली असती. पण बायको मागं तळमळत होती, तिनं चालतंय म्हटलं होतं, आणि तिनं म्हटलं की गाडी निघायची, हाच त्या घरातला रिवाज होता.

वाटेतलं आडूळ गाव मागं टाकलं आणि समोरचा डायनामोचा लाल दिवा लागला. पाठोपाठ फटकन आवाज झाला आणि रबराचा जळका वास आला. कारभारीनं पुढं रेटायचा प्रयत्न केला, पण इंजिनाच्या उष्णतेचा काटा वर चढला, बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागली. रस्त्याच्या कडेला लिंबाखाली गाडी थांबली. पाचोडची कारभारीची गाडी पहिल्यांदा रस्त्यात बंद पडली, ती त्याचं स्वतःचं माणूस आत असताना.

एक एस.टी. थांबली. ड्रायव्हर-कंडक्टर दोघं उतरले, मनकर्णाबाईला उचलू लागले. ती अशी किंचाळली की दोघांनी हात काढून घेतले. “हलवू नका मला,” ती म्हणाली, “आपली गाडी हुईल चालू.” एस.टी. गेली. कारभारीनं डिकीतून लुगड्याचा धडपा काढला, जुना पट्टा सोडवला, पाने घेतले. तुटलेल्या पट्ट्याच्या चिंध्या पंख्याभोवती गुंडाळल्या होत्या. पोळणाऱ्या इंजिनात डावा हात घालून त्यानं त्या ओढून काढल्या.

उघड्या बॉनेटमुळं मनकर्णाबाईला पुढचं काही दिसत नव्हतं. तिनं द्वारकाबाईला विचारलं, “कोण आलंय? मिस्त्री गावला का? कोण बोल्ट सोडतंय?”

द्वारकाबाई खिडकीतून वाकली. “कोण येतंय इथं रानात! भावजीच करायलेत. डाव्या हातानं. पटापट करायलेत बाई, रामकिसनवानी.”

मनकर्णाबाईनं डोळे मिटले.

पट्टा चढवायला वेळ लागला नाही. वेळ घेतला तो इंजिनानं. तापल्या इंजिनात पाणी ओतलं तर ते तडकतं. निवेपर्यंत उभंच राहावं लागतं. जवळच्या मळ्यातून पाणी आणून कारभारी मागच्या खिडकीशी आला. मनकर्णाबाईनं डोळे उघडले.

“येतंय की तुमाला,” ती म्हणाली.

कारभारीनं मान खाली घातली. “येतंय.”

“कवापसून?”

“लई वर्सं झाली. आशा पाळण्यात व्हती.”

“मंग रोज मला कामून हाका मारायचे?”

खोटं बोलावं तर आता वेळ नव्हती. कारभारी म्हणाला, “तू यायची म्हणून.”

तिचा चेहरा हलला. हसणं होतं ते. कळ आली आणि अर्ध्यावर मोडलं. तिनं त्याचा तुटका पंजा धरला.

“म्या बी लबाडच हाय,” ती म्हणाली. “दिवाळीपसून दाबलाच नाय मी. वाकताच येत न्हवतं. नुसतीच यायची अन् चालतंय म्हणायची.”

“अगं, मंग सांगायचं नाय व्हय?”

“सांगितलं असतं तर तुमी बोलवणं बंद केलं असतं.”

द्वारकाबाई तोंडात पदर कोंबून दुसरीकडं बघत राहिली. लिंबाखाली वाफेची शिट्टी हळूहळू कमी होत होती. इतकी वर्षं दोघांनी एकमेकांशी लबाडी केली होती, ती एकमेकांजवळ उभं राहायला मिळावं एवढ्यासाठी. असलं प्रेम कोणी पापात धरत नाही. पण त्याचा हिशेब झाला तो असा.

“दाबून बगा एकदा,” ती म्हणाली.

तो पुढं गेला, अंगठ्यानं दाबलं, परत आला.

“कसंय?”

“चालतंय,” कारभारी म्हणाला. हा शब्द तो जन्मात पहिल्यांदा म्हणाला.

“मंग चला.”

शहराच्या वेशीवरच्या चिकलठाण्यापर्यंत ती शुद्धीवर होती. पुढं द्वारकाबाईच्या हाकांना ओ देईना. घाटीत डॉक्टरांनी ताबडतोब आत नेलं, जे करायचं ते सगळं केलं. दिवस कलताना एक तरुण डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, पोटात आतडं फुटलं होतं, विष पसरलं होतं, उशीर झाला.

कारभारीनं त्याचा हात धरला. “सायेब, किती उशीर? आजचा, का दिवाळीपसूनचा?”

डॉक्टरला कळलं नाही, किंवा कळलंही असेल. “बाबा, आता ते विचारून काय उपयोग?” असं तो म्हणाला, पण हात सोडवला नाही. उत्तर मात्र दिलं नाही. कारभारीला ते पुढं कोणीच दिलं नाही.

त्यानं तिला आपल्याच गाडीतून गावी आणलं. सगळ्या रस्त्यात पट्ट्यानं हूं की चूं केलं नाही. काटा जागचा हलला नाही. इतकी सुरेख गाडी कधी चालली नव्हती, आणि कारभारीला त्या गाडीला आग लावावी असं वाटत होतं.

दहाव्याला, द्वारकाबाईकडून सगळं ऐकल्यावर, आशानं विचारलं, “आबा, माय वाकत न्हवती. रोज तुमच्या म्होरं उभी ऱ्हायची. तुमाला दिसलं कसं नाय?” आशा फुलंब्रीला निघून गेली, ती नंतर येत राहिली, पण तो प्रश्न तिनं परत घेतला नाही.

मग गाडी पुन्हा चालू झाली, कारण पोट थांबत नाही. मनकर्णाबाईनं डिकीत ठेवलेला जुना पट्टा होता तो. काही दिवसांत ढिला पडला आणि किंचाळू लागला. दव नसताना किंचाळायचा, भर दुपारी किंचाळायचा. स्टँडवरची माणसं म्हणाली, “कारभारी, पट्टा वरडतोय.” कारभारी म्हणायचा, “वरडू द्या.” रामकिसन पाना घेऊन आला, त्यालाही हात लावू दिला नाही. हळूहळू गाडीत बसणाऱ्या शिटा कमी झाल्या. अडलेल्या बाया लोक दुसऱ्या गाडीनं न्यायला लागले.

रोज सकाळी मात्र बॉनेट वर जायचं. कारभारी त्याच्या आडोशाला उभा राहायचा. हाक मारायचा नाही, हात घालायचा नाही. थोडा वेळ थांबायचा, मग बॉनेट खाली घ्यायचा. शेजारीपाजारी बघून न बघितल्यासारखं करायचे.

एक दिवस द्वारकाबाईच्यानं ते बघवेना. अंगण झाडत होती, तिथूनच ती म्हणाली, “चालतंय, भावजी. जा तुमी.”

कारभारी वळला. त्याचा आवाज इतका बारीक होता की तिला कुंपणापाशी यावं लागलं.

“न दाबता सांगू नका, वैनी.”

द्वारकाबाईनं झाडू टाकला. फाटक उघडून ती आत आली, बॉनेटमागं गेली, आणि मनकर्णाबाईला इतकी वर्षं लांबून जे करताना बघितलं होतं तसा अंगठा पट्ट्यावर ठेवून तिनं दाबलं. पट्टा आत जातच राहिला. कडेचे दोरे तिच्या बोटाला लागले.

“अवं, लई ढिला हाय की वो,” ती म्हणाली. “तुटंल हा.”

“व्हय,” कारभारी म्हणाला. “असं सांगायचं असतं.”

आणि तो पुढच्या बंपरवर बसला, तुटका पंजा तोंडावर धरला, आणि मनकर्णाबाई गेल्यापासून पहिल्यांदा रडला. ओट्यावर कोणी नव्हतं, घरात ऐकणारं कोणी नव्हतं, तरी बॉनेटच्या आडोशाला तोंड दाबून रडला. द्वारकाबाई तिथंच उभी राहिली. तिचा अंगठा काळा झाला होता आणि तो कुठं पुसावा हे तिला सुचत नव्हतं.